खाजणाचा बांध कोणी राखावा?

अंत्रुज महालातील बांदिवडे हे गाव आमच्या बहुतेक वाचकांस महालक्ष्मी, नागेश आणि रामनाथ या देवस्थानांमुळे परिचित आहे. इंदूर-ग्वाल्हेरकडील कित्येक घराण्यांचा गोव्याशी उरलेला संबंध म्हणजे काही वर्षांच्या अंतराने या परिसरात येऊन कुलदैवताचे दर्शन घेणे, अभिषेक करणे व परत फिरणे एवढाच आहे. परंतु याच बांदिवड्यास सापडलेल्या एका ताम्रपटाची माहिती यात्रेकरूंपैकी फार थोड्यांना असते. हा ताम्रपट कोकणच्या मौर्य घराण्यातील अनिर्जितवर्मा या राजाचा असून इसवी सनाच्या सहाव्या-सातव्या शतकातील मानला जातो. राजाने हस्त्यार्य नावाच्या सामवेदी ब्राह्मणास 'खज्जन' जमिनीचा एक तुकडा दान दिला. तेथील रान तोडावे, बांध घालून समुद्राचे खारे पाणी अडवावे आणि जमीन लागवडीस आणावी, असा त्या दानाचा आशय आहे. आज ज्यास आपण खाजण म्हणतो, त्या शब्दाचे हे जुने रूप. म्हणजे गोव्यात पोर्तुगीज येण्यापूर्वी निदान नऊशे वर्षे येथील माणूस समुद्राशी जमिनीची वाटणी करीत होता.

आम्हांस या ताम्रपटातील एक गोष्ट विशेष वाटते. दान दिलेली जमीन दानाच्या दिवशी जमीन नव्हतीच. भरतीला पाण्याखाली जाणारी ती चिखलट होती. ती मिळवायची तर बांध घालणे आलेच, आणि टिकवायची तर तो राखणेही आले. खाजणाची मालकी आणि बांधाची राखण या गोष्टी मुळापासून एकमेकींस बांधलेल्या होत्या. पुढे बाराशे-तेराशे वर्षांनी त्या सुटल्या कशा, हा या लेखाचा विषय आहे. नगरनियोजनाचे नकाशे, किनारा-नियमनाच्या अधिसूचना आणि न्यायालयाचे निवाडे या सर्वांचा विचार आम्ही याच एका प्रश्नाच्या अनुषंगाने करणार आहोत.

गोव्याची भूरचना प्रथम ध्यानात घेतली पाहिजे. मांडवी आणि जुवारी या दोन नद्या मुखापाशी आग्वाद व मुरगाव अशा दोन रुंद उपसागरांत उतरतात, आणि कुंभारजुव्याचा कालवा त्यांस आतल्या अंगाने जोडतो. या नद्यांचे पात्र समुद्रसपाटीपासून इतके थोडे उंच आहे की भरतीचे पाणी चाळीस-पन्नास किलोमीटर आतपर्यंत चढते. म्हणून समुद्र डोळ्यांस न दिसणाऱ्या गावांतही दिवसातून दोनदा समुद्र येऊन जातो. या पात्रांच्या दोन्ही तीरांवर, तसेच शापोरा, साळ, तेरेखोल इत्यादी लहान नद्यांच्या काठी मिळून साधारण अठरा हजार हेक्टर खाजण आहे. राज्याचे एकूण क्षेत्र ३,७०२ चौरस किलोमीटर. त्यातील हा सुमारे विसावा हिस्सा झाला. हिस्सा लहान दिसतो, पण जुन्या काबिजादीतील तिसवाडी, बारदेश व साष्टी या तीन महालांचे भात प्रामुख्याने सखल शेतांतूनच येई, आणि त्यांत खाजणांचा वाटा मोठा होता. डोंगरउताराची ती मोरड, मधली ती खेर आणि नदीकाठची ती खाजण, अशी तेथील शेतकऱ्याची जमिनीची वर्गवारी. आजच्या परिभाषेत सांगायचे तर भू-वापराचा आराखडा. फरक इतकाच की तो पाण्याच्या चालीवरून केलेला होता.

खाजणाचे यंत्र फार विचारपूर्वक रचलेले आहे. नदीच्या बाजूस चिखल, पेंढा आणि चिरेदगड यांचा बाहेरचा बांध. आत शेतांचे लहान बांध. आणि दोहोंमध्ये सखल भागात पाणी साठवणारा पोंय. बाहेरच्या बांधात ठरावीक जागी मानस बसवलेली असते. मानस म्हणजे दगडी चौकटीत लोंबणाऱ्या लाकडी झडपांचे दार. भरतीचे पाणी चढू लागले की त्याच्याच दाबाने झडप मिटते. ओहोटीत बाहेरचे पाणी उतरले की आत साठलेल्या पाण्याच्या दाबाने ती उघडते आणि पावसाचे पाणी नदीत निघून जाते. येथे ना यंत्र लागते ना इंधन. भरती आपले दार आपणच लावून घेते. शेत मात्र पुष्कळ ठिकाणी भरतीच्या पातळीच्या खाली असते, त्यामुळे झडपेची एक फळी कुजली तरी त्या वर्षीचे पीक हातचे जाते.

पावसाळ्याच्या आरंभी धो-धो सरींनी जमिनीतील मीठ धुऊन जाते. मग मोड आलेले बी पेरायचे. कोरगूट ही खाऱ्या जमिनीत तग धरणारी जुनी जात. उंच वाढणारी, जाड, तांबूस तांदळाची, उत्पन्नाला बेताची, पण उधाणाच्या वेळी थोडे खारे पाणी झिरपले तरी मान न टाकणारी. कापणीनंतर काही खाजणांत भाजी होते, काही ठिकाणी मीठ पिकते. आणि मानशीवर मासे धरले जातात. मर्यादित प्रमाणात आत घेतलेल्या पाण्याबरोबर सुंगटे, शेवटे, चोणक, कुर्ल्या पोंयात येतात, वाढतात आणि ओहोटीत मानशीच्या तोंडाशी लावलेल्या जाळ्यात सापडतात. या मासेमारीचा लिलाव होई व येणारा पैसा बांधाच्या डागडुजीस लागे. भात हे पीक, आणि मासळी हा बांधाचा पगार. ही व्यवस्था ज्यांनी बसवली त्यांची नावे इतिहासास ठाऊक नाहीत. पण त्यांस समुद्राचे आणि माणसाचे, दोहोंचे शील चांगले ठाऊक होते असे म्हणावे लागते.

कुर्ल्या बांधात बिळे करतात. एका बिळातून रात्रभर पाणी वाहिले तर सकाळी तेथे खांड पडते. म्हणून बांधावर रोज फिरणारा गडी लागतो, आणि खांड पडलीच तर त्याच ओहोटीत ती बुजवायला सारा गाव लागतो. गावकरीचा पाया हाच होता. गावची जमीन सामाईक, तिची लागवड लिलावाने, उत्पन्नातून प्रथम कर, देवस्थान व बांधबंदिस्ती यांचा खर्च आणि उरलेल्यातून गावकरांस वाटणी, असा तिचा क्रम. १५२६ मध्ये अफोंसो मेशिया या वित्ताधिकाऱ्याने तिसवाडीच्या गावांचे रीतिरिवाज लिहून काढले. फोराल या नावाने प्रसिद्ध असलेली ती सनद पोर्तुगीजांनी निर्माण केलेली नव्हे. आधीच चालत आलेल्या व्यवस्थेची ती नोंद होय. गावकरीचे पुढे कोमुनिदाद झाले, वाटणीस 'जण' म्हणत त्याचा पोर्तुगीज कागदात 'जोनो' झाला, पण बांध आधी आणि वाटणी नंतर हा क्रम राहिला.

या व्यवस्थेचे गोडवे गाणारे पुष्कळ आहेत. आम्ही त्यांच्या पंगतीस पूर्णपणे बसू इच्छित नाही. गावकर हे ठरावीक कुळांतील पुरुष. प्रत्यक्ष चिखलात कमरेइतके उतरून खांड बुजवणारे गावडे आणि कुणबी बहुधा वाटणीच्या बाहेर. दामोदर धर्मानंद कोसंबी यांनी १९४७ मध्ये जुन्या काबिजादीतील ग्रामसमूहांवर जो निबंध लिहिला, तो या विषयात आजही वाचावा असा आहे. (कोसंबींचे वडील जुवारीकाठच्या साखवाळचे, त्यांच्या बौद्ध विद्येस सयाजीराव महाराजांनी दिलेला आश्रय बडोद्याच्या वाचकांस सांगावयास नको.) गावकरी ही समतेची संस्था नव्हती. पण खर्चाचा आणि लाभाचा हिशेब एकाच वहीत मांडणारी मात्र ती होती, आणि खाजणास जगण्यासाठी नेमके तेवढे पुरे होते.

येथे आपल्या वाचकांच्या पूर्वजांचा संबंध येतो. १५६० च्या दशकात साष्टी महालात देवळांवर जी आपत्ती आली तिची कथा सर्वश्रुत आहे. कुशस्थळीचा, म्हणजे आजच्या कुठ्ठाळीचा मंगेश प्रियोळास गेला, केळशीची शांतादुर्गा कवळ्यास, वेर्ण्याची म्हाळसा म्हार्दोळास. देव नदी ओलांडून गेले आणि त्यांच्यामागून अनेक कुळे गेली. काही अंत्रुजात थांबली, काही घाट चढून बेळगावकडे, काही मराठी राज्याच्या विस्ताराबरोबर माळव्यात आणि ग्वाल्हेरीत पोचली. शिंद्यांच्या पदरचे रामचंद्र मल्हार सुखटणकर यांच्या सूचनेवरून पेशव्यांनी १७३९ मध्ये मंगेशी गाव देवस्थानास इनाम दिले, ही हकीकत ग्वाल्हेरकरांस अभिमानाने आठवते. आठवावीच. परंतु कुठ्ठाळी आणि केळशी ही जुवारीच्या मुखाजवळची, खाजणांची गावे होत, हे किती जणांच्या ध्यानात आहे? ज्या देवांची आपण नावे घेतो त्यांची मूळ स्थाने भरतीच्या काठावर होती, आणि त्यांच्या नंदादीपाचे तेल बहुधा भाताच्या व मिठाच्या उत्पन्नातूनच येत असणार. पुढे जे गावकर धर्मांतरित होऊन राहिले आणि जे हिंदू राहूनही नोकरी-व्यापारानिमित्त मुंबई-कराचीस गेले, त्यांतील पुष्कळांचा गावाशी संबंध वर्षातून एकदा जण घेण्यापुरता उरला. बांधापासून लाभ सुटा होऊ लागला तो येथपासून. कुळकायद्याने हे प्रथम घडवले असे सांगितले जाते, ते आम्हांस पटत नाही. कायद्याने फार तर त्यावर शिक्का मारला.

पोर्तुगीज राज्यकर्त्यांनी खाजणांची रचना मोडली नाही, कारण त्यांचा महसूल तीवर अवलंबून होता. त्यांनी वरून मात्र पुष्कळ रेघा ओढल्या. पणजी आणि रायबंदर यांस जोडणारा, लिन्यारेस या व्हाइसरॉयच्या नावाने ओळखला जाणारा दगडी सेतुमार्ग १६३३-३४ मध्ये दलदलीवरून आणि मिठागरांच्या काठाने नेला गेला. आजही मोटारी त्यावरून जातात. एकोणिसाव्या शतकात दों मानुएल द पोर्तुगाल ए काश्त्रु या गव्हर्नराने सखल जागा भरून पणजी शहर वाढवले. दर पावसाळ्यात पणजीच्या सखल भागात पाणी तुंबते तेव्हा वृत्तपत्रे गटारांस दोष देतात. गटारांचा दोष असेलही. पण ते पाणी आपल्या जुन्याच जागी परत येत असते.

गोवा १९६१ मध्ये मुक्त झाला. भाऊसाहेब बांदोडकरांच्या कारकिर्दीत १९६४ चा कृषी कुळकायदा आला आणि शशिकलाताई काकोडकर मुख्यमंत्री असताना १९७६ मध्ये त्याच्या पाचव्या दुरुस्तीने कसणारे कूळ जमिनीचे मालक ठरले. हे न्याय्य होते याविषयी आमच्या मनात शंका नाही. शतकानुशतके चिखलात उभा असलेला माणूस कागदावरही उभा राहिला. परंतु खाजणाचे शेत तुकड्यातुकड्यांनी वाटता येते, बांध वाटता येत नाही. ही अडचण शासनास सुचली नव्हती असे नाही. कुळांच्या संयुक्त जबाबदारीविषयीचे नियम १९७५ मध्ये केले गेले आणि त्यांखाली कुळांच्या संघांकडे बांध व मानस यांची देखरेख आली. मानशीच्या लिलावाचे उत्पन्नही त्यांच्याकडे गेले. काही संघांनी काम उत्तम केले, काही अजूनही करीत आहेत. अनेक संघ मात्र लिलावापुरते जागे होतात. कोमुनिदादीकडे जमीन राहिली नाही म्हणून ती बांधाकडे पाहत नाही. सरकारी खाते अनुदान देते, पण खांड पडल्यापासून अर्ज मंजूर होईपर्यंत कित्येक उधाणे येऊन जातात.

याच काळात मासळीचा भाव भातास मागे टाकून गेला. सुंगटांची निर्यात सुरू झाली आणि मानस लिलावात घेणाऱ्यास दार उघडे ठेवणे फायद्याचे ठरू लागले. जितके खारे पाणी आत तितकी सुंगटे अधिक. शेजारचा भातकरी दोन हंगाम भांडतो, तिसऱ्या हंगामी शेत पडीक टाकतो. बांध राखण्यासाठी जी मासेमारी नेमलेली होती तिनेच बांधाचा घात केला, असे कित्येक गावांत घडले. कोळंबी-शेतीविषयी सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर १९९६ मध्ये दिलेला निवाडा पारंपरिक पद्धतींस वगळून होता. परंपरेच्या नावाखाली काय चालते हे पाहावयास कोणी मानशीवर जाऊन बसत नाही. त्यात १९५० नंतर वाढलेल्या खनिजवाहतुकीची भर पडली. मुरगाव बंदराकडे जाणाऱ्या बार्जांच्या लाटांनी मांडवी-जुवारीचे बांध झिजले. २०१२ मध्ये खाणी बंद पडल्या, पुढे काही काळ सुरू होऊन २०१८ च्या निवाड्याने पुन्हा थांबल्या. झिजलेले बांध त्यामुळे भरून आले नाहीत.

कोकण रेल्वेच्या वेळचा वाद अनेकांस स्मरत असेल. खाजणांतून भराव घातल्यास पाण्याचे मार्ग अडतील, म्हणून मार्ग आत न्यावा, अशी गोव्यातील मोठ्या वर्गाची मागणी होती. १९९३ मध्ये काही काळ काम थांबले, निवृत्त न्यायाधीश ओझा यांचा आयोग बसला आणि अखेर मूळ मार्ग कायम राहिला. त्या वादातून एक लाभ झाला: खाजण हा शब्द प्रथमच शेताबाहेर, सभेत आणि न्यायालयात पोचला.

नकाशांचा काळ त्यानंतरचा. २०११ सालापर्यंतचा म्हणून जो प्रादेशिक आराखडा २००६ मध्ये जाहीर झाला, त्यात शेतजमिनी व डोंगर वसाहतींसाठी मोकळे केल्याचा आरोप होऊन गोवा बचाव अभियानाचे आंदोलन उभे राहिले आणि २००७ च्या आरंभी तो आराखडा मागे घ्यावा लागला. पुढील आराखड्याच्या कृतिदलात चार्ल्स कोरिया यांच्यासारखे वास्तुरचनाकार होते. त्यात खाजणे, मिठागरे व खारफुटी यांस सर्वाधिक संरक्षणाच्या वर्गात घातले गेले. किनारा-नियमनाच्या २०११ च्या अधिसूचनेत गोव्यासाठी स्वतंत्र तरतूद झाली: खाजणांचे नकाशे करावेत, व्यवस्थापन आराखडा करावा, खाजणात विकासकामे होऊ देऊ नयेत. त्या अधिसूचनेखालील गोव्याच्या किनारा-व्यवस्थापन आराखड्यास केंद्राची मान्यता मिळाली ती २०२२ मध्ये. दरम्यान नगरनियोजन कायद्यात २०२३ मध्ये असे कलम आले की आराखड्यातील 'चूक' दुरुस्त करण्याच्या नावाने एखाद्या भूखंडाचा विभाग बदलता यावा. त्याखालील नियम मुंबई उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठाने मार्च २०२५ मध्ये रद्दबातल ठरवले.

हे सर्व आवश्यक आहे, यात वाद नाही. नकाशावर हिरवा रंग नसता तर पणजीभोवतालची खाजणे केव्हाच इमारतींखाली गेली असती. पण रंग मानस लावीत नाही. खाजणावर बांधकाम करू नये, एवढे कायदा सांगतो. खाजण खाजण राहण्यासाठी रोज कोणी काय करावे, याविषयी तो जवळजवळ मूक आहे. 'नैसर्गिक' जागेस हात न लावणे म्हणजे संरक्षण, ही कल्पना अरण्यास लागू पडेल. खाजण निसर्गाने केलेले नाही, ते माणसाने निसर्गाच्या मध्ये उभे राहून धरून ठेवलेले आहे. त्यास हात न लावला तर दहा वर्षांत ते नाहीसे होते.

खारफुटीचे उदाहरण या दृष्टीने पाहण्यासारखे आहे. बांधाबाहेर उभी असलेली तिवर-कांदळाची रांग लाटा अंगावर घेते. जुने गावकर ती मुद्दाम राखीत. बांध फुटला की तीच झाडे आत शिरतात आणि थोड्याच वर्षांत शेताच्या जागी दाट हिरवे बन दिसू लागते. भारतीय वन सर्वेक्षणाच्या २०२१ च्या अहवालात गोव्याची खारफुटी २७ चौरस किलोमीटर दिली आहे. विसाव्या शतकाच्या अखेरच्या नोंदींपेक्षा ती कित्येक पटींनी अधिक आहे. यातील काही वाढ मोजणीच्या सुधारलेल्या पद्धतीची, काही लागवडीची आणि काही फुटलेल्या बांधांची. ही झाडे आता कायद्याने संरक्षित, म्हणून शेतकऱ्यास आपले जुने शेत परत मिळवायचे झाल्यास तोच अपराधी ठरण्याचा संभव. उलट, एखाद्यास शेत बुडवून त्याची पत घालवायचीच असेल तर त्याने केवळ मानशीच्या दुरुस्तीकडे दुर्लक्ष करावे. खारफुटी हवी की भात, असा हा प्रश्न नाही. कोणती रेषा बांधाची आणि तिच्या कोणत्या बाजूस काय, हे गावागावाने ठरवून लिहून ठेवण्याचा तो प्रश्न आहे, आणि तेवढेच काम अधिसूचनेतील व्यवस्थापन आराखड्याने केले तरी पुष्कळ होईल.

कोकणच्या उत्तर भागातही हाच इतिहास निराळ्या नावांनी घडला. पेण-अलिबागच्या खारेपाटात शिलोत्रीदारांनी बांध घातले, मानशीस तेथे उघाडी म्हणतात. मुंबई सरकारने १९४८ मध्ये आणि महाराष्ट्राने १९७९ मध्ये खारभूमीविषयी कायदे करून बांधांचे काम शासनाच्या खात्याकडे घेतले. त्याचे फळ संमिश्र आहे. खात्याकडे अभियंते असतात, रोज बांधावर फिरणारा गडी नसतो. गोव्याने त्याची केवळ नक्कल करू नये असे आमचे मत आहे. मानशीच्या लिलावाचा पैसा प्रथम बांधावर खर्च झाल्याखेरीज वाटला जाऊ नये, हा फोरालहूनही जुना नियम पुन्हा बंधनकारक करावा. संघाच्या हिशेबास ग्रामसभेपुढे यावे लागावे. आणि ज्या कोमुनिदादींचे वाटेकरी आजही जण घेतात त्यांनी त्यातील काही भाग बांधासाठी बाजूला काढावा. शेवटची सूचना काहींस रुचणार नाही. गोव्याबाहेर राहणाऱ्या वाटेकऱ्यांस ती विशेष लागू आहे.

काळ थांबलेला नाही. उपग्रहांच्या मोजणीनुसार १९९३ पासून जगातील समुद्राची सरासरी पातळी वर्षाला तीन मिलिमीटरांहून अधिक वेगाने वाढत आहे. चार-पाच बोटे उंचीचा फरक मैदानात दिसत नाही, बांधाच्या माथ्यावर मात्र उधाणाच्या रात्री तोच निर्णायक ठरतो. जुन्या गोव्यातील केंद्रीय कृषिसंशोधन संस्थेने कोरगूटमधून निवड करून गोवा धान १ आणि २ या खारटपणा सोसणाऱ्या, अधिक उत्पन्नाच्या जाती दिल्या आहेत. बी तयार आहे. ज्या खाजणांच्या मानशी मिटतात तेथे ते पेरले जाते. बाकीच्या ठिकाणी भरती आत येते, थांबते, आणि ओहोटीबरोबर बांधाची आणखी थोडी माती घेऊन जाते.